अलंकाराला रकाना नाही

जिन्याखालचा फळा काढून टाकावा, असा ठराव आमच्या इमारतीच्या कमिटीने ज्या संध्याकाळी केला, त्या संध्याकाळी फळ्यावर अतिशयोक्तीचं उदाहरण लिहिलेलं होतं. ठरावाला सूचक होते, अनुमोदक होते आणि विरोधात एक मत होतं. ते माझं. ते मोजलं गेलं नाही, कारण ज्याच्याबद्दल ठराव असतो त्याला मत नसतं, असं सेक्रेटरींनी सांगितलं. हा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यानंतरही ऐकलेला नाही.

पण हे शेवटाकडून सांगणं झालं. चौतीस वर्षं गणित शिकवल्यामुळे आधी उत्तर आणि मग रीत सांगायची मला खोड लागली आहे.

रीत अशी. दुसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात. त्यांची मुलगी सातवीत आहे. तिला इमारतीत सगळे प्रश्नचिन्ह म्हणतात. ती काही विचारायला आली की मान एका बाजूला वाकवून उभी राहते आणि उत्तर मिळेपर्यंत मान सरळ करत नाही. इंग्रजीच्या परीक्षेत तिला पंचवीसपैकी सहा गुण पडले. त्यात अलंकारांचे दहा गुण होते आणि त्या दहांत तिला भोपळा मिळाला होता. फेरपरीक्षा दहा दिवसांनी, सोमवारी.

"सर, या वेळीही राहिली तर मी हिला मावशीकडे पाठवणार आहे," नर्सबाई म्हणाल्या. इंजेक्शन दुखणार नाही हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. "माझ्या ड्यूट्या अशा. तिथे घरात निदान माणूस असतं."

मी म्हटलं, बघू. बाकीची मुलं माझ्याकडे परीक्षा जवळ आली की येतात, ही रोज येते. दिवसाकाठी माझ्याशी दहा मिनिटांहून जास्त कोण बोलतं याची यादी करायला घेतली, तर कागद कोराच बरा दिसेल. त्यावर ही एकटी. तेव्हा प्रश्न नुसता तिच्या गुणांचा नव्हता. हे मी नर्सबाईंना सांगितलं नाही. अशा गोष्टी सांगायला माणसाला एक वय असतं आणि ते माझं उलटून गेलं आहे.

मी शिकवतो ते जिन्याखाली, टपालपेट्यांच्या शेजारी. "घरी का नाही शिकवत?" असं कोणी विचारलं तर घरात उजेड कमी आहे, असं मी सांगतो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्याला पूर्वेकडे दोन मोठ्या खिडक्या आहेत.

इंग्रजी हा माझा विषय नव्हे. पण कुठल्याही मुलाला "मला येत नाही" असं मी आजवर म्हटलेलं नाही. दोन दिवस मागून घ्यायचे आणि तेवढ्यात शिकून घ्यायचं. मी दोन दिवस मागितले. सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, हायपरबोली, आयरनी, युफेमिझम. म्हणजे आपली उपमा, रूपक, निर्जीवाला सजीव मानणं, अतिशयोक्ती, वरून गोड आतून टोचणारं बोलणं, आणि कटू गोष्ट मऊ शब्दांत सांगणं. तिच्या गाइडात उदाहरणं होती. सिंहासारखा शूर. बर्फासारखं पांढरं.

"मी सिंह पाहिलेला नाही," प्रश्नचिन्ह म्हणाली.

"बर्फ तरी पाहिलास ना?"

"फ्रीजमधला. तो पांढरा नसतो, आजोबा. आरपार दिसतो."

हे तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणणाऱ्या मुलाला शून्य मिळतं याचा मला जुना राग आहे. माझा एक नियम आहे. उदाहरण मुलाला हात लावता येईल इतक्या अंतरावर असावं. मी गाइड मिटलं आणि सांगितलं, "उद्यापासून रोज एक अलंकार, आणि उदाहरण या इमारतीतलं."

चांगल्या माणसाचा सत्यानाश अशाच एखाद्या वाक्याने सुरू होतो.

बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. चौथ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर पिशवी हातात घेऊन थांबले. "सर, सूत्राने शिकवा. वाक्यात 'लाइक' दिसलं की सिमिली. 'इज' दिसलं की मेटॅफर. संपलं."

"मग 'आय लाइक माय मदर' ही सिमिली का?" प्रश्नचिन्हाने विचारलं.

इंजिनियरांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तो अपवाद," ते म्हणाले आणि वर गेले. पुढचे चार दिवस ते मागच्या दाराने ये-जा करत होते.

तळमजल्याच्या काकूंचं मत वेगळं होतं. या काकू माझ्या बायकोच्या मैत्रीण, म्हणून मला भाऊजी म्हणतात. "पाठ करून घ्या हो भाऊजी. आपण काय समजून पास झालो होतो?"

पहिल्या दिवशी सिमिली; मेटॅफर तिचंच भावंड, ते तोंडीच उरकलं. आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत वाक्य जुळवलं. त्याचा अर्थ असा: आमची लिफ्ट म्हाताऱ्या माणसासारखी चढते. म्हातारा माणूस म्हणून मी स्वतः वर्गात हजर होतो, त्यामुळे कोणाचा अपमान होण्याचं कारण नव्हतं.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. हे गृहस्थ नोकरीत असताना कुठल्यातरी कचेरीत आवक-जावक सांभाळत. अजून त्यांना कागद दिसला की हात शिक्का शोधतो. त्यांनी वाक्य वाचलं, डायरी काढली आणि लिहून घेतलं.

"सेक्रेटरीसाहेब, तो अभ्यास आहे," मी म्हटलं.

"सर, जिना ही सामाईक जागा. सामाईक जागेत लिहिलेलं म्हणजे लेखी. लेखी आलं की दखल घ्यावी लागते. उद्या कोणी म्हणायला नको, तक्रार होती आणि सेक्रेटरी झोपला होता."

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा मेकॅनिक आला. त्याने तास दीड तास आवाज ऐकले, एक डबा उघडला, आणि त्याला आत जे दिसलं त्यामुळे त्याने लिफ्ट पाच दिवसांसाठी बंद केली. माझे गुडघे, मी आणि तिसरा मजला असे आम्ही त्या पाच दिवसांत एकमेकांना नव्याने ओळखायला लागलो.

दुसरा अलंकार निर्जीवाला सजीव मानण्याचा. वाक्य प्रश्नचिन्हाने एकटीने केलं आणि मला त्याचा अभिमान वाटला: गच्चीवरची टाकी रोज पहाटे खोकते. हे खरंच आहे. पाणी चढायला लागलं की टाकी आधी घसा साफ करते आणि मग दोनदा खोकते. सेक्रेटरींनी तक्रार क्रमांक दोन म्हणून नोंद केली. प्लंबर आला. टाकीला काही झालेलं नव्हतं. पण आलोच आहोत तर बघू, म्हणून त्याने एक पाईप हलवला, आणि तो पाईप इतकी वर्षं केवळ सवयीने जागेवर होता असं निघालं. दोन दिवस सगळी इमारत बादल्या घेऊन जिन्यात. लिफ्ट बंद. माझ्या फळ्यासमोरून माणसं पाणी वाहत होती आणि जाताना फळ्याकडे बघत होती. मी खडू खिशात ठेवून उभा. शाळेत मला मुलं घाबरत, पण कोणी असं बघितलं नव्हतं.

"नवऱ्याने आंघोळ केली नाही दोन दिवस," नर्सबाईंच्या शेजारची बाई म्हणाली. "तुमच्या व्याकरणापायी."

"व्याकरण नाही, अलंकार," मी म्हटलं. काही वेळा माणसाने गप्प बसावं.

तिसऱ्या दिवशी मी सुरक्षित म्हणून आयरनी घेतली, कारण तीत नेहमी स्तुती केलेली असते. आमचा वॉचमन पन्नाशीचा आहे, जेवणानंतर फाटकाशी खुर्चीत बसतो आणि त्याची हनुवटी छातीला टेकते. आम्ही लिहिलं: आमच्या वॉचमनइतका जागा माणूस दुसरा नाही.

वॉचमनने ते कोणाकडून तरी वाचून घेतलं. संध्याकाळी तो हात जोडून उभा राहिला. "सर, आजवर कोणी लिहून कौतुक केलं नव्हतं."

आता काय सांगणार? आयरनी समजावून सांगणं हे माझं काम होतं, पण ते काम करायला माझी जीभ उचलली नाही. त्या दिवसापासून वॉचमन दुपारी उभा राहायला लागला. मांजर आलं तरी वहीत नोंद करी. मला त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालावी लागे. त्यात त्याचा एक नेहमीचा प्रश्न असे. दर सोमवारी माझ्या बायकोच्या नावाने एक साप्ताहिक टपालाने येतं. ते माझ्या हातात देताना तो विचारी, "आजी कधी येणार, सर?" मी म्हणे, "येतील." तो नोकरीला लागला तेव्हा ती घरात नव्हती. त्याने विचारलं तेव्हा मी बाहेरगावी गेल्यात असं सांगितलं होतं आणि मग ते तसंच चालू राहिलं.

चौथा अलंकार अतिशयोक्ती. आम्ही लिहिलं: पार्किंगमध्ये दहा लाख डास आहेत.

सेक्रेटरींनी या वेळी डायरी काढलीच नाही. ते घरी गेले आणि लेटरहेडवर आरोग्य खात्याला पत्र लिहिलं. त्यात डासांची संख्या आकड्यांत लिहून पुढे अक्षरी दहा लाख फक्त असंही लिहिलं. पत्राला तिसऱ्या दिवशी उत्तर म्हणून एक निरीक्षकच आले. कुठल्याही खात्यातून माणूस तिसऱ्या दिवशी आल्याचं मी प्रथमच पाहिलं. आकडाच तसा होता.

निरीक्षक शांत, थकलेले गृहस्थ होते. सेक्रेटरींनी त्यांना थेट फळ्याशी, माझ्यासमोर आणून उभं केलं. त्यांच्याजवळ पॅडला लावलेला फॉर्म होता. "हा आकडा कुठून आणला?"

"तो आकडा नाही, साहेब. अलंकार आहे," मी म्हटलं.

त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. "अलंकाराला रकाना नाही. मजकूर खरा की खोटा, एवढंच आहे. खरा असेल तर मला इमारतीला नोटीस द्यावी लागेल, फवारणी होईपर्यंत पार्किंग बंद. खोटा असेल तर खोट्या तक्रारीबद्दल लिहिणाऱ्यावर कारवाई. कुठे खूण करू?"

मी चौतीस वर्षं मुलांना सांगत आलो की विधान एक तर खरं असतं किंवा खोटं, तिसरं काही नसतं. आणि आता शेजारी प्रश्नचिन्ह मान वाकवून उभी. तिला मी परवाच सांगितलं होतं की अतिशयोक्ती म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मी म्हटलं, "दोन्ही नाही."

"असं चालत नाही हो. मला हजार कामं आहेत."

"नक्की किती आहेत?" प्रश्नचिन्हाने विचारलं.

निरीक्षकांनी खरोखर बोटं मोजली. "आज चार," ते म्हणाले.

"मग हजार म्हणालात ते खरं की खोटं?"

त्यांनी पेन खिशात ठेवलं. फॉर्मवर त्यांनी आधीच लिहिलेलं मला नंतर वाचायला मिळालं: मूळ मजकूर लिहिणारे उत्तर देण्यास असमर्थ. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही गोपनीय अहवालात इतकं वाईट वाक्य नव्हतं. पार्किंग पुढील तपासणीपर्यंत बंद झालं आणि सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या राहिल्या.

शनिवारी संध्याकाळी फळ्यासमोरच सभा भरली. चेअरमन म्हणाले, त्यांच्या नाकी नऊ आले आहेत. इंजिनियर म्हणाले, इमारतीचा बाजार झाला आहे. शेजारची बाई म्हणाली, सरांना आपणच डोक्यावर बसवलं. सेक्रेटरी म्हणाले, या फळ्याने आपल्या सगळ्यांचं रक्त प्यायलं आहे. प्रश्नचिन्ह पायरीवर बसून वहीत भराभर लिहीत होती. सभा संपेपर्यंत तिच्याकडे अकरा अलंकार जमले. एवढा चांगला तास मी आयुष्यात घेतलेला नाही, आणि त्यात मला बोलायची परवानगी नव्हती.

"परवा तिची परीक्षा आहे," मी शेवटी म्हटलं. "एकच अलंकार राहिलाय. फळा सोमवारनंतर काढा."

"ठराव आजचा आहे, सर," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. पण ते आवक-जावकमधले. वाईट वाटणं कुठे नोंदवायचं हे त्यांना कधी कोणी शिकवलं नसावं.

नर्सबाई जाताना म्हणाल्या, "जाऊ द्या सर. तुम्ही खूप केलंत." ज्या रोग्याची आशा सोडली आहे, त्याच्या नातेवाईकांशी त्या असंच बोलत असणार.

रविवारी सकाळी वॉचमनने खिळे उपटले. फळा त्याने माझ्या दारापर्यंत वर आणून भिंतीला टेकवला. त्याच्या मागून प्रश्नचिन्ह वही घेऊन आली.

"आता कुठे बसायचं?"

गच्चीवर ऊन होतं. जिना ठरावाप्रमाणे सामाईक. मी तिला दारात उभं ठेवून बराच वेळ किल्ली शोधल्यासारखं केलं. किल्ली हातातच होती. वर्ष होऊन गेलं, या दारातून माझ्याशिवाय कोणी आत गेलं नव्हतं.

ती आत आली आणि मुलं बघतात तसं तिने सगळं एकदम पाहिलं. टेबलाला दोन खुर्च्या. एकीच्या पाठीवर शाल. टेबलावर दोन कप पालथे. कपाटावर चष्म्याचं घर, आणि त्याच्या शेजारी साप्ताहिकांचा ढीग, एकाचंही वेष्टन न फोडलेला. ती शालीच्या खुर्चीत बसली नाही. खाली जमिनीवर बसली.

"उजेड तर खूप आहे इथे," ती म्हणाली.

मी सरळ शिकवायला लागलो. "युफेमिझम. कटू गोष्ट मऊ शब्दांत सांगणं. समजा, सेक्रेटरींनी रजिस्टरात लिहिलंय, फळ्याची जागा बदलण्यात आली. म्हणजे काय झालं?"

"काढून टाकला."

"बरोबर. आपल्याला कळतं, त्यांनाही माहीत असतं आपल्याला कळलंय, फक्त कोणी टोचून बोलत नाही. दोघांनाही खरं माहीत असतं, म्हणून ते चालतं. सगळे अलंकार असेच. डास दहा लाख नाहीत हे तुलाही माहीत, मलाही माहीत."

तिने ते लिहून घेतलं. मग पेन्सिल तोंडात धरून ढिगाकडे पाहिलं. तिची मान वाकली तेव्हाच मला कळलं काय येणार.

"आजोबा, वॉचमनकाकांना तुम्ही सांगता, आजी येतील. तो युफेमिझम आहे?"

"हो, तसंच म्हणायचं."

"पण त्यांना खरं माहीत नाही ना. एकालाच माहीत असलं तर?"

मी खिडकीकडे पाहिलं. "मग नाही."

"मग खोटं?"

गणितातसुद्धा मला असं कोणी पकडलं नव्हतं. "हो," मी म्हटलं. "मग खोटं."

तिने वहीतलं काहीतरी खोडलं. मग म्हणाली, "परीक्षेत विचारलं तर मी फळ्याचं उदाहरण लिहिते."

सोमवारी सकाळी मी तिला फाटकापर्यंत सोडायला उतरलो. ती रस्ता ओलांडून गेली. वॉचमनने पेटीतून साप्ताहिक काढून माझ्यापुढे धरलं. तो प्रश्न विचारायच्या आत मी म्हटलं, "ऐका. आजी येणार नाहीत. बाहेरगावी गेलेल्या नाहीत. वारल्या. तुम्ही यायच्या दोन महिने आधी."

एवढं सलग मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

वॉचमनने टोपी काढली. "माहीत आहे, सर. मी लागलो त्याच आठवड्यात तळमजल्याच्या काकूंनी सांगितलं होतं."

"मग दर सोमवारी विचारत होता ते?"

"तुम्ही म्हणायचात, येतील. म्हणताना जरा बरं दिसायचात. म्हटलं, आठवड्यातून एकदा काय हरकत आहे."

मी तिथेच त्याच्या खुर्चीत बसलो. तो नेहमीसारखा उभा राहिला. ते पाहून मला दुसरी गोष्ट आठवली. "आणि ते फळ्यावरचं? तुमच्याबद्दलचं?"

"तेही कळलं होतं. पोरीनेच समजावलं, दुसऱ्या दिवशी." तो फाटकाकडे बघत होता. "पण लिहिलेलं चांगलं होतं, सर. खोटं पडू द्यावंसं वाटेना."

निकाल आठवड्याने लागला. अलंकारांत दहापैकी सात, म्हणजे पास. युफेमिझमला पूर्ण गुण. अतिशयोक्तीला शून्य, दहा लाख डासांखाली परीक्षकांनी लाल शाईने लिहिलं होतं, आकडा अवास्तव वाटतो. नर्सबाईंनी पेपर दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "या वर्षी राहू दे इथेच." पुढच्या वर्षाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्याच सुमाराला आरोग्य खात्याचा अंतिम अहवाल आला. डास आढळले. संख्या, असंख्य. सेक्रेटरींनी शिक्का मारून तो फाइलला लावला.

फळा आता आमच्या घरात आहे, पूर्वेच्या खिडकीखाली. लिफ्ट चालू झाली, ती पूर्वीसारखीच चढते. साप्ताहिक मी बंद केलेलं नाही. वेष्टनं प्रश्नचिन्ह फोडते आणि आतली शब्दकोडी चुकीची सोडवते. शालीच्या खुर्चीत ती अजून बसत नाही. मी तिला बस म्हटलेलंही नाही.

वॉचमनशी काय बोलणं झालं ते मी तिला सांगितलं, कारण चुकीचं शिकवलेलं दुरुस्त केलं पाहिजे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मान वाकवली.

"म्हणजे दोघांना माहीत होतं. पण त्यांना माहीत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं."

"हो."

"मग ते खोटं की युफेमिझम?"

मी खडू हातात घेतला, फळ्याकडे वळलो आणि खडू परत ठेवून दिला. मग सांगितलं, "त्याला रकाना नाही."

"परीक्षेत येईल?"

"नाही," मी म्हटलं. "हे परीक्षेत येत नाही."

तिने तरीही ते वहीत लिहून घेतलं.